काळ्या दगडाच्या घरातील रेडॉन

धुळ्याकडची जुनी घरे आठवून पाहा. काळ्या दगडाचे जोते, मातीच्या जाड भिंती, वर धाबे आणि थंडीच्या रात्री घट्ट लावलेली दारे-खिडक्या. अशा घरातील हवेत रेडॉन नावाचा वायू थोडाफार असतोच. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. मग तो माणसाच्या लक्षात आला कसा?

त्याचा इतिहास सुरू होतो खाणीत. योआखिम्सथाल ह्या मध्य युरोपातील खाणगावी वैद्यकी केलेल्या अ‍ॅग्रिकोलाच्या १५५६ सालच्या ग्रंथात खाणकामगारांच्या फुफ्फुसविकारांचे वर्णन आहे. १८७९ साली हार्टिंग व हेस ह्या दोघांनी दाखवून दिले, की त्याच डोंगररांगेतील श्नीबर्गचे कामगार फुफ्फुसातील घातक गाठींनी मरत आहेत. रोग सापडला, कारण सापडले नाही. कसे सापडणार? किरणोत्सर्गाचा शोधच मुळी १८९६ चा. रेडियममधून एक किरणोत्सर्गी वायू बाहेर पडतो हे डॉर्नने १९०० साली पाहिले. १९२० च्या दशकात खाणींतील हवा मोजली गेली आणि संशय ह्या वायूवर आला. रेडॉनपासून तयार होणारे पोलोनियमचे कण फुफ्फुसात चिकटून अधिक इजा करतात, हे १९५१ साली अमेरिकेत विल्यम बेल यांनी मांडले.

तरीही हा प्रश्न खाणीपुरताच समजला जाई. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका अणुवीज केंद्रातील अभियंता स्टॅन्ली वॉट्रस कामावर येताना धोक्याची घंटा वाजू लागली. केंद्र अजून सुरूही झाले नव्हते! किरणोत्सर्ग त्याच्या घरातून येत होता. घरातील हवेत दर घनमीटरला सुमारे १ लाख बेकरेल, म्हणजे सेकंदाला लाखभर विघटने, इतका रेडॉन होता. शेजारच्या घरात मात्र प्रमाण साधारणच होते.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. रेडॉन येतो जमिनीतील युरेनियमपासून, रेडियममार्गे. आपल्या पायाखालचा दगड बेसाल्ट. एक टन बेसाल्टमध्ये युरेनियम सहसा १ ग्रॅमहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये ते कित्येक पटींनी जास्त असते. तेव्हा काळ्या दगडाला घाबरण्याचे कारण दिसत नाही. पण हा झाला अंदाज. जमिनीतल्या भेगा, फरशीचे सांधे आणि खेळती हवा ह्यांवर प्रत्येक घराचा आकडा ठरतो, हे वॉट्रसच्या शेजाऱ्याने दाखवलेच आहे.

मोजण्याची रीत तशी सोपी आहे. सेल्युलोज नायट्रेटची छोटी फिल्म सुमारे तीन महिने खोलीत टांगतात. अल्फा कण तिच्यावर सूक्ष्म ओरखडे उमटवतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ते ठळक करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी भारतीय घरांची पाहणी अशाच फिल्मांनी केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवली. ते जमत नसेल तर निदान ३०० च्या वर जाऊ नये.

वर्गात मुलांना एवढे जरूर करायला सांगावे: आपल्या घरातील जमिनीच्या भेगा आणि रोज खिडक्या किती वेळ उघड्या असतात, हे वहीत टिपावे. विडी ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका कितीतरी जास्त, हेही घरी सांगावे. भेगा बुजवणे आणि हवा खेळती ठेवणे ह्याला खर्च थोडा. शिवाय त्याने चुलीचा धूरही बाहेर जातो. खाणकामगारांना मोजमापासाठी शतके थांबावे लागले. आपल्याला तसे थांबण्याची गरज नाही.