अर्ध्या वाटेवरचा डोळा

पापलेट चपटं असतं, पण पोहतं मात्र उभं. आपला लेप (गोव्याकडे लेपो) तसा नाही. तो समुद्राच्या तळाशी चक्क कुशीवर पडून राहतो आणि त्याचे दोन्ही डोळे वरच्या एकाच बाजूला असतात. गंमत म्हणजे अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तो चारचौघा माशांसारखाच असतो, एक डोळा इकडे, एक तिकडे. मग काही आठवड्यांत कवटी पिळवटते आणि एक डोळा पलीकडे सरकतो. फ्लाउंडर, हॅलिबट, टर्बट, सगळ्यांची हीच कथा.

या डोळ्याने एकदा खुद्द डार्विनला अडचणीत आणलं होतं.

१८७१ साली सेंट जॉर्ज मायवर्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. डोळा पूर्ण पलीकडे गेला तर फायदा कळतो. पण जरासाच सरकला तर? तो अजून वाळूकडेच बघतोय की! मग नैसर्गिक निवडीने तो राखला कशाला? आमच्या भाषेत, अर्धवट फीचर रिलीज का करायचं?

डार्विनने १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत उत्तर दिलं. त्यासाठी माल्म या स्वीडिश अभ्यासकाची निरीक्षणं घेतली. कुशीवर पडलेलं पिल्लू खालचा डोळा जोर लावून वर वळवतं, जवळजवळ ७० अंशांतून, आणि तेव्हा त्याची हाडं मऊ असतात. या सवयीचा परिणाम वारशाने साठत गेला असावा आणि जोडीला निवड होतीच, असं डार्विनचं म्हणणं. त्यातला सवयीच्या वारशाचा भाग पुढे टिकला नाही.

मग १९३३ मध्ये रिचर्ड गोल्डश्मिट म्हणाला, टप्पे कशाला हवेत? एकाच मोठ्या उत्परिवर्तनात कवटी वाकडी झाली असेल. एरवी असा मासा विद्रूपच, पण तळाशी राहणाऱ्या चपट्या माशाला तेच पथ्यावर पडलं असेल.

उत्तर मिळालं २००८ साली. शिकागो विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या मॅट फ्रीडमनने इटलीतल्या बोल्का इथले सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म तपासले, काहींचं सीटी स्कॅनही केलं. अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टिस. पूर्ण वाढलेले मासे, पण एक डोळा अर्ध्या वाटेवर! म्हणजे अर्धवट फीचरवाले मासे खरंच जगत होते. अँफिस्टियमचे जीवाश्म तर कधीपासून संग्रहालयांत पडून होते.

आणि डोळा सरकवतं कोण? १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की फ्लाउंडरच्या पिल्लांचं रूपांतर थायरॉइड संप्रेरकाने सुरू होतं. बेडूकमाशाचा बेडूक करणारं हेच ते संप्रेरक. २०१७ मध्ये जपानी फ्लाउंडरचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यातही थायरॉइडसोबत रेटिनॉइक आम्ल, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारा पदार्थ, पुढे आला. दोन्ही यंत्रणा जुन्या, इतर माशांतही असलेल्या. जुनाच कोड, फक्त वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी चालवलेला.

वाद मात्र संपला नाही. २०२१ च्या एका जीनोम अभ्यासाने म्हटलं की चपटे मासे दोनदा स्वतंत्रपणे उपजले. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासाने म्हटलं, छे, एकदाच. मुद्दा अडतो सेटोडिसवर. हा हिंदी महासागरातही सापडतो आणि त्याचा सरकलेला डोळा आजही डोक्याच्या कडेवरच थांबतो.

मत्स्यशेतीत हा प्रश्न थेट पैशाचा आहे. हॅलिबटची पिल्लं समुद्रातल्या कोपेपॉडऐवजी आर्टेमियावर वाढवली, तर डोळा अर्ध्यातच थांबण्याचं प्रमाण वाढतं. असल्या माशाला भाव कोण देणार? मायवर्टला अशक्य वाटलेला मासा हॅचरीवाल्याला नको तितका भेटतो.

मायवर्टचं पुढे डार्विनच्या गोटाशी फाटलं, आणि १९०० साली चर्चनेही त्याला दूर केलं. उत्क्रांतीबद्दलचा त्याचा निष्कर्ष चुकलाच. पण प्रश्न इतका नेमका होता की उत्तराला १३७ वर्षं लागली. असा बग रिपोर्ट लिहिणारा माणूस आपल्या टीममध्ये असावा, भले तो कितीही कटकट्या असो!