माशाच्या शुक्राणूचे एक मिनिट

इस्लामपूर कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. नदीकाठच्या शाळेतील मुलांना रोहू, कटला, मृगळ हे मासे ओळखीचे असतात. हे मासे तळ्यात चांगले पोसतात, मादीच्या पोटात अंडी भरतात, पण साठलेल्या पाण्यात ती घातली जात नाहीत. त्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडवली. आपल्याकडे मत्स्यबीजाचा इतिहास बहुधा इथेच संपवतात. त्याची दुसरी बाजू नराकडे आहे आणि ती मला अधिक रंजक वाटते.

रोहू-कटला टोचणीनंतर कापडी हौदात स्वतःच वितात. १९५९ मध्ये भारतात आणलेल्या गवत्या व चंदेरा या माशांच्या बाबतीत मात्र पोट हलके दाबून अंडी कोरड्या भांड्यात काढतात, त्यांवर नराचे वीर्य सोडतात, पिसाने हलवतात आणि मगच पाणी घालतात. पाणी शेवटी का?

अठराव्या शतकात जर्मनीतील याकोबीने ट्राउट माशाची अंडी पाण्यातच काढून त्यात वीर्य मिसळले होते. बरीच अंडी वाया जात. १८५६ च्या सुमारास रशियातील व्रास्कीने पाण्याशिवाय मिसळण्याची कोरडी पद्धत काढली आणि फलन कितीतरी वाढले. पद्धत हाती आली, तिचे संपूर्ण कारण कळायला शतकाहून अधिक काळ जावा लागला.

नराच्या शरीरात शुक्राणू निश्चल असतात. ट्राउटमध्ये त्यांना वीर्यातील पोटॅशियम रोखून धरते, हे श्लेंक व कामान यांनी १९३८ मध्ये दाखवले. कार्पच्या कुळात, म्हणजे रोहूच्या नातेवाइकांत, वीर्यातील क्षारांची दाटी हे काम करते. गोडे पाणी लागताच ती दाटी एकदम उतरते आणि शेपटी हलू लागते. ही गोष्ट जपानमधील मोरिसावा आणि सुझुकी यांनी १९८० मध्ये मांडली.

शेपटी हलवणारे इंधन म्हणजे एटीपी. लोमान यांनी ते १९२९ मध्ये स्नायूंतून वेगळे केले. एटीपी फोडून शेपटीतील तंतूंना एकमेकांवर सरकवणाऱ्या प्रथिनाला गिबन्स यांनी १९६५ मध्ये डायनिन हे नाव दिले. शुक्राणूच्या तंतुकणिका प्राणवायू वापरून एटीपी बनवत राहतात, परंतु डायनिनचा खर्च त्याहून मोठा असतो. त्यामुळे आधी साठवलेल्या एटीपीवरच मुख्य भिस्त! उत्पन्न थोडे, खर्च भरमसाट, असा हा संसार. ट्राउटचा शुक्राणू सुमारे अर्धे मिनिट पोहतो, कार्पचा साधारण एक मिनिट. इकडे अंडेही पाण्यात फुगू लागते आणि शुक्राणूला आत शिरण्याचे त्याचे एकमेव छिद्र लवकरच मिटते. व्रास्कीच्या पद्धतीत पाणी पडते तेव्हा शुक्राणू अंड्याला टेकलेलाच असतो, म्हणून सारे मिनिट कामी येते.

वीर्य काढताना त्यात माशाचे मूत्र मिसळले तरी घात होतो. ते पाण्यासारखे पातळ असल्याने शुक्राणू भांड्यातच धावून थकतात. पण थकणे म्हणजे मरणे नव्हे. १९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी थांबलेले कार्प शुक्राणू पुन्हा दाट द्रावणात ठेवले. तंतुकणिकांनी एटीपीचा साठा भरून काढला आणि पातळ द्रावणात सोडताच ते दुसऱ्यांदा पोहले.