छोट्या रेल्वेचे छायाचित्र

परभणी स्थानकात दिसणारा सुमारे 21 मीटरचा डबा 1:87 या रूढ प्रमाणात 24 सेंटिमीटरचा होतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी 1998 मध्ये उघडलेल्या संग्रहालयात अशा छोट्या गाड्या धावतात. जवळून छायाचित्र घेतले की इंजिन स्पष्ट, मागचे डबे पुसट! कारण कॅमेऱ्याचे 1 सेंटिमीटरचे छिद्र या जगात 87 सेंटिमीटरचे ठरते. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्ये बनवलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात 10,000 बिंदू होते. पुढे ग्राहक बिंदूच मोजू लागले. इथे मात्र छिद्र पाहावे. लहान संवेदकाला कमी नाभीय अंतराचे भिंग पुरते, त्याचे छिद्रही बारीक. म्हणून खिशातला कॅमेराही इथे सरस ठरतो. प्रकाश कमी मिळतो, तेव्हा तिपाई हवी आणि गाडी थांबलेली. सूचिछिद्र कॅमेरा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.