टेबलाजवळची दुसरी बाई

वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात कोणाचं ऑपरेशन कोणत्या डॉक्टरने केलं, हे घोडेगावातली जुनी माणसं अजून सांगतात. हत्यारांची ट्रॉली कोणी लावली होती, असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात. मी थिएटर सिस्टर म्हणून निवृत्त झाले, म्हणून मला हे विचारायची खोड. आमच्या घरात त्याचं उत्तरही होतं. माझी थोरली चुलती तिथे आया होती. तिला सही करता येत नव्हती, अंगठा द्यायची. पण आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, लांबूनच ओळखायची, आणि कुठल्या फोर्सेपची पकड सैल झालीय हेही.

घोडेगाव म्हणजे शुक्रवारचा जनावरांचा बाजार, घोडेश्वरी आणि शिंगणापूरचा फाटा. तिथून नेवासा फाट्याकडे थोडं पुढे गेलं की वडाळा बहिरोबा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले आणि त्याच शतकात वडाळ्याला त्यांचं ठाणं बसलं. फेअरबँक या मिशनरी बापलेकांचं नाव त्या गावाला कायमचं चिकटलं. साठच्या दशकात तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर जोडपं कामाला होतं: रजनीकांत आणि मेबल आरोळे. पुढे १९७० साली त्यांनी जामखेडला प्रकल्प उभा केला आणि तो जगभर गाजला. निरक्षर बायकांच्या हाती गावाचं आरोग्य देता येतं, हे त्यांनी जामखेडला सिद्ध केलं, असं पुस्तकांत असतं. त्यात खोटं काही नाही. पण वडाळ्यासारख्या दवाखान्यांचं थिएटर अशाच बायकांच्या जोरावर आधीपासून चाललं होतं, एवढं मी माझ्या चुलतीच्या वतीने नमूद करते.

या बायका आल्या कुठून? नगरच्या मिशनने डॉ. ज्युलिया बिसेल, डॉ. रूथ ह्यूम अशा डॉक्टर बायका आणल्या, पण हाताखाली कोण? परक्याचं रक्त, परक्याची घाण काढणं हे घरंदाज घरांत हलकं काम. मुलीला नर्स करायची म्हटलं की सोयरीक अडायची. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगरच्या मिशनने शेकड्यांनी अनाथ पोरं सांभाळली. अनाथाश्रमातल्या मुली, दलित वस्तीतून ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या मुली आणि विधवा, यांच्यावर हे काम आलं. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं आणि थोड्याच वर्षांत परिचारिकांची शाळाही काढली, कारण शिकलेले हात बाहेरून मिळतच नव्हते. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या मदतीने विधवांना या कामात आणलं, तेव्हा त्यांनाही लोकांची बोलणी खावी लागली. पुढे आमच्याकडे केरळच्या सिस्टर आल्या. त्या आल्या नसत्या तर महाराष्ट्रातली निम्मी थिएटरं बंद पडली असती, असं मी तरी म्हणते. त्यांचं मराठी आमच्या मावश्यांनीच, म्हणजे आयांनीच, घडवलं, त्यामुळे कोट्टायमची सिस्टर नगरी हेल काढून बोलायची.

थिएटरचं काम ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सुरू व्हायचं, हे आजच्या पोरींना सांगून पटत नाही. आता हातमोजे पाकिटातून येतात आणि कचऱ्यात जातात. तेव्हा एकच जोडी पुन्हा पुन्हा वापरायची. रक्त थंड पाण्यात धुवायचं. गरम पाणी घातलं की डाग धरतो. मग मोज्यात हवा भरून, मनगटाशी पिळून, पाण्यात दाबून बघायचं. बुडबुडा आला तिथे भोक. जुन्या मोज्याच्या रबराचं गोल ठिगळ कापून सोल्युशनने चिकटवायचं, सायकलच्या ट्यूबसारखं. मग वाळवणं, आतबाहेर पावडर, डावा-उजवा जोड लावणं, नंबराप्रमाणे फडक्यात गुंडाळणं. गॉज कापून घड्या घालायच्या, धागे आत दुमडायचे, ड्रम भरायचे, ड्रमची भोकं उघडी ठेवून ऑटोक्लेव्हला लावायचे आणि बाहेर काढताना न चुकता बंद करायची. ती भोकं उघडी राहिली की सगळी मेहनत मातीत. चुलती मोज्याला ठिगळ लावायला बसली की तिच्याशी कोणी बोलायचं नाही, आणि आमच्या घरीही तोच नियम झाला होता, कारण शिवण उसवायलाही ती तशाच चेहऱ्याने बसायची.

गंमत म्हणजे हे मोजे मुळात सर्जनसाठी झालेच नाहीत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची थिएटर नर्स होती. जंतुनाशक पाऱ्याच्या पाण्याने तिच्या हातांची सालं निघायला लागली. विल्यम हॉलस्टेड या सर्जनने १८८९-९० च्या सुमारास गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबराचे मोजे करून घेतले. पुढे त्याने तिच्याशी लग्नही केलं. सर्जन लोकांनी मोजे घातले ते नंतर.

त्यानंतर आला फ्रँक गिलब्रेथ. गवंड्याच्या हालचाली मोजून विटांचं काम वेगाने कसं होईल हे शोधणारा माणूस. १९१० च्या दशकात त्याने ऑपरेशनांचं चित्रीकरण केलं. त्याला दिसलं की सर्जनचा बराच वेळ हत्यार शोधण्यात जातो. सर्जनने नजर जखमेवरून हलवू नये, हत्यार त्याच्या तळव्यात यावं, असं त्याने सुचवलं. आज हात पुढे करून ‘नाइफ’ म्हणणारा सर्जन सिनेमात दिसतो, त्यामागे हा हिशोब आहे. पण त्याने वाचवलेला वेळ सर्जनचा होता. ते काम कुठे गेलं? सिस्टरकडे. ती ट्रॉलीशी खिळली. मग सुई मागितली तर सुई, दिवा हलवायचा तर दिवा, रक्ताची बाटली आणायची तर बाटली, यासाठी निर्जंतुक गाऊन न घातलेली दुसरी बाई हवीच. तिला आम्ही फिरती म्हणतो. आमच्याकडे कागदावर ही फिरती सिस्टर असायची, प्रत्यक्षात बहुतेक वेळा मावशी.

फिरतीचं खरं काम पोट बंद करण्याआधी कळतं. मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या गॉजच्या घड्या, पाच-पाचच्या जुडीत देतात. वापरलेले स्टँडवर पाच-पाच टांगायचे. ट्रॉलीवरची मोजते, फिरती मोजते, दोघींचा आकडा जुळला की मगच टाके. एकदा रात्रीच्या सिझेरियनला सर्जनने टाक्यांना हात घातला आणि मागून मावशी म्हणाली, “बाई, एक कमी हाये.” सर्जन म्हणाले, चल, तू चुकली असशील. मावशीने पुन्हा मोजले. “नाही साहेब. एक कमी हाये.” मॉप बादलीच्या बुडाला रक्तात चिकटलेला सापडला. पाच-सात मिनिटं गेली. त्या बाळंतिणीला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं असतं तर किती तास गेले असते, हे कोणी रजिस्टरात लिहीत नाही.

आमच्या भागात वेगाचं वेड आलं ते कुटुंबनियोजनाच्या कॅम्पात. मार्चअखेर जवळ आली की बायका जीप भरून यायच्या. बरोबर सासू, तान्हं मूल, पाण्याची कळशी. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ काही मिनिटांचं. पण दुर्बीण एका बाईतून काढून दुसरीत घालायच्या आधी सायडेक्स या जंतुनाशकात वीस मिनिटं बुडवायची असते. एकाच दुर्बिणीने तीस बायका करायच्या म्हटल्या तर नुसत्या भिजवण्यालाच दहा तास लागतात. म्हणूनच सरकारी नियम असा की एका पथकाने दिवसात तीसच्या वर जायचं नाही आणि त्यासाठी तीन दुर्बिणी हव्यात. मी नोकरी केलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात, नाव राहू दे, कॅम्पाला मी एकटी असायचे: ट्रॉलीही माझी आणि घड्याळही माझंच. बाहेरून निरोप यायचा, “सिस्टर, किती वेळ?” मी घड्याळ दाखवायचे. माझ्या गोपनीय अहवालात ‘काम सावकाश’ असा शेरा आहे.

१९९६ मध्ये केंद्राने कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं काढून टाकल्याचं जाहीर केलं, तरी कॅम्प थांबले नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. तिथल्या शिबिरांनंतर तेरा जणी गेल्या. डॉक्टर धरला गेला, बायकांना दिलेल्या गोळ्यांवर बोट ठेवलं गेलं, वाद झाले. मी बातम्या बघताना एकच गोष्ट शोधत होते: त्या टेबलाजवळ सिस्टर किती होत्या? ते कोणी फारसं विचारलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांत शिबिरं बंद करा असं सांगितलं, ते बरं झालं.

मोठ्या ऑपरेशनला दर टेबलामागे दर पाळीत दोन परिचारिका, हे आमच्या शिक्षणात पहिल्यापासून सांगतात. पण पद मंजूर असणं वेगळं, भरलेलं असणं वेगळं. एक सिस्टर रजेवर, एक प्रसूतिगृहात, एकीचं कंत्राट संपलेलं, की थिएटरला उरते एकच. मग दोन ऑपरेशनांच्या मध्ये उशीर का होतो, म्हणून बैठक होते, आणि बैठकीला तिलाच बोलावतात.

माझी पुतणी आता हेच काम करते. तिच्याकडे छापील फॉर्म आहे, मॉप-सुयांच्या मोजणीखाली सह्यांच्या दोन जागा. नोकरीला लागली त्या महिन्यात तिचा फोन आला, “आत्या, दुसरी सही कोणाची घेऊ? मी एकटीच आहे.”

मी म्हटलं, “मावशी आहे ना? तिला मोजायला लाव. सही येत नसेल तर अंगठा घे, आणि खाली लिही, फिरती सिस्टर दिली नव्हती.”