केळीच्या वंशात मुरलेला विषाणू

आज पिकवली जाणारी बहुतेक केळी म्युसा अक्युमिनाटा आणि म्युसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींपासून उतरली असून, त्यांच्या गुणसूत्रसंचांना अनुक्रमे ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात; यांपैकी ‘बी’ संचात, मानवाच्या शेतीपूर्वीच, पानांवर पिवळ्या व पुढे काळवंडणाऱ्या रेघा उमटवणाऱ्या विषाणूचा डीएनए शिरून कायमचा वस्तीला राहिला. हा विषाणू एरवी पिठ्या ढेकणांमार्फत पसरतो आणि वाढीसाठी त्याला यजमानाच्या गुणसूत्रात शिरण्याची गरज नसते, तेव्हा हा शिरकाव अपघातीच म्हणावा लागेल.

रानटी बाल्बिसियाना या विषाणूला दाबून ठेवते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैदासकारांनी दोन्ही जातींचे संकर करून ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून, रोपे वाढवली, तेव्हा निरोगी मातृवृक्षांच्या संततीतही रेघा दिसू लागल्या. याचे मूळ केळीच्या गुणसूत्रातच असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. जळगावची बसराई व ग्रँड नैन केवळ ‘ए’ संचाची असल्याने या वारशापासून मुक्त आहेत. सुकेळ्यांसाठी नावाजलेल्या राजेळीत मात्र ‘बी’चा वाटा आहे. २०१९ मध्ये केनियातील संशोधकांनी ‘गोंजा मंजाया’ या केळीतील विषाणूखंडांवर जनुकसंपादनाने नेमके छेद घेतले, आणि सुप्त विषाणूला जागे करणारा पाण्याचा ताण देऊनही संपादित रोपांपैकी ७५ टक्के लक्षणविरहित राहिली.