आपद्धर्म आणि पाठशाळा : ल्यूथरन पाळकांच्या शिक्षणाचा वाद

ल्यूथरन पंथात पाळकपदाचा अधिकारी कोण, याचे शास्त्रीय उत्तर १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासप्रकटनाच्या चौदाव्या कलमात सापडते. यथाविधी पाचारण झाल्याखेरीज कोणीही मंडळीत जाहीरपणे शिकवू नये अथवा संस्कार देऊ नयेत, एवढाच त्या कलमाचा आशय आहे. मूळ लॅटिन पाठातील पद ‘रीते वोकातुस’ असे आहे. (यातील ‘रीते’ आणि मराठी ‘रीत’ यांचे साम्य केवळ ध्वनीचे होय, दोहोंचे धातू निराळे मानले जातात.) पाचारण विधिपूर्वक असावे, असे कलम सांगते, पाचारण होणाऱ्याने किती वर्षे, कोठे आणि कोणत्या भाषा शिकाव्यात, याविषयी ते काहीच सांगत नाही. पुढील सुमारे पाच शतकांचा वाद या मौनातून उद्भवला आहे.

ज्ञानाचा आग्रह अर्थातच होता. १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या नगरपालांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात स्वतः ल्यूथरने हिब्रू, ग्रीक व लॅटिन या भाषांच्या अध्ययनाचा जोरदार पुरस्कार केला. तथापि त्याच पत्रात त्याने एक भेदही केला आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष जात नाही. श्रद्धेचा साधा उपदेश करणाऱ्यास भाषांतरित वचने पुरेशी आहेत. परंतु शास्त्राचा अर्थ लावणे आणि विपरीत अर्थ लावणाऱ्यांशी वाद करणे, हे मूळ भाषांवाचून होणे नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. एका पदाच्या दोन पायऱ्या येथे सूचित झाल्या. मात्र त्यांना दोन निराळी नावे मिळाली नाहीत. व्यवहारही तसाच होता. विटेनबर्ग येथे १५३७ पासून ठेवलेल्या दीक्षानोंदींत विद्यापीठात शिकलेल्यांबरोबर मुद्रक आणि अन्य कारागीरही आढळतात. सुधारणेचा प्रसार झपाट्याने होत होता. पाळक तितक्या झपाट्याने तयार होणे शक्य नव्हते.

हाच प्रसंग अठराव्या शतकात आपल्याकडेही उद्भवला होता. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीभोवतालचा मुलूख त्या काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता आणि तेथे युरोपीय मिशनऱ्यांना मुक्त संचार नव्हता. १७३३ मध्ये आरोन या तमिळ धर्मशिक्षकाला पाळकदीक्षा देण्यात आली. जर्मन विद्यापीठाची पायरी त्याने चढली नव्हती. श्रोत्यांची भाषा ही त्याची मातृभाषा होती आणि धर्मशिक्षक म्हणून केलेले दीर्घ काम हीच त्याची पाठशाळा. मूळ ग्रंथाची भाषा आणि श्रोत्यांची भाषा, यांपैकी पाळकाला प्रथम कोणती यावी? हा प्रश्न पुढे अमेरिकेत अधिक तीव्रपणे उभा राहिला.

१८३९ च्या डिसेंबरात मिसूरी राज्यातील पेरी परगण्यात, आल्टेनबर्ग येथे, सॅक्सनीहून आलेल्या देशांतरितांनी लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत एक विद्यालय उघडले. या समाजाची त्या वेळची स्थिती दारुण होती. एक जहाज समुद्रात नाहीसे झालेले, आणि ज्याच्या भरवशावर देश सोडला त्या मार्टिन स्टेफान या पुढाऱ्याला पदच्युत करून हाकलून द्यावे लागलेले. असे असताही विद्यालयाच्या जाहिरातीतील विषयांत लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे यांचा समावेश होता. अंगावर धड वस्त्र नसता घरात पोथ्यांची पेटी जपणाऱ्या वैदिकाची येथे आठवण होते. हेच विद्यालय १८४९ मध्ये सेंट लुईस येथे गेले आणि सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर याच्या नेतृत्वाखाली विद्वत्तेचे केंद्र बनले.

दुसरा मार्ग बव्हेरियातून आला. फ्रीड्रिश वीनेकेन हा तरुण पाळक १८३८ मध्ये अमेरिकेत गेला. इंडियाना व आसपासच्या अरण्यात विखुरलेली जर्मन कुटुंबे त्याने पाहिली : मुलांना बाप्तिस्मा नाही, शाळा नाही, वर्षानुवर्षे उपदेश नाही. त्याची हाक नॉयेनडेटेल्साउ या खेड्यातील पाळक विल्हेल्म ल्योए याच्यापर्यंत पोचली. ल्योएकडे विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. आडाम एर्न्स्ट हा चांभारकाम करणारा आणि गेओर्ग बुर्गर हा विणकर, असे दोन तरुण होते. त्यांना काही काळ घरी शिकवून त्याने १८४२ मध्ये अमेरिकेस पाठविले. अशा माणसांना जर्मन भाषेत ‘नोटहेल्फर’ म्हणत. ‘आपत्काळातील साहाय्यक’ हे त्याचे शब्दशः भाषांतर होईल. परंतु आपल्या धर्मशास्त्रातील ‘आपद्धर्म’ ही संज्ञा अधिक नेमकी आहे, कारण आपद्धर्माला काळाची मर्यादा असते. आपत्ती सरली की मूळ धर्म पुन्हा लागू होतो.

ल्योएच्या बाबतीत नेमके हेच घडले नाही. १८४६ मध्ये त्याने फोर्ट वेन येथे डॉ. विल्हेल्म झीलर याच्या हाताखाली पाठशाळा सुरू केली. पुढील वर्षी मिसूरी सिनडची स्थापना झाली आणि ती पाठशाळा सिनडच्या स्वाधीन करण्यात आली. स्वाधीन करताना ल्योएने अटी घातल्या. पाठशाळा ल्यूथरन मंडळीच्याच सेवेत राहावी, शिक्षणाचे माध्यम जर्मनच असावे, आणि थोड्या काळात अधिकाधिक उपदेशक तयार करणे हेच तिचे कार्य राहावे, अशा त्या होत्या. आपत्काळाची सोय अशा रीतीने लेखी अटीने कायम झाली. यानंतर सेंट लुईस येथील शिक्षण ‘सैद्धांतिक’ आणि फोर्ट वेन येथील ‘व्यावहारिक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पहिल्यासाठी अभिजात भाषांची पूर्वतयारी आवश्यक. दुसऱ्यात ती माफ.

खरी अडचण तात्त्विक होती. वॉल्थरने १८५२ च्या आपल्या ग्रंथात पाळकपद हे ईश्वरनिर्मित आणि एकच आहे, व ते मंडळीच्या पाचारणाने प्राप्त होते, असा सिद्धांत मांडला. पद एक आणि पाचारण मंडळीचे, तर सेंट लुईसचा पंडित आणि फोर्ट वेनचा पूर्वाश्रमीचा विणकर यांच्या अधिकारात तिळमात्र भेद राहत नाही. हा सिद्धांत विद्वानाने मांडला, पण त्याचा लाभ अल्पशिक्षितास झाला, ही गोष्ट मोठी मनोवेधक आहे. उलट, पाळकपदाचा उगम मंडळीत मानण्यास ल्योए तयार नव्हता. १८५३ मध्ये त्याचा मिसूरीशी संबंध तुटला तो याच मुद्द्यावर. त्याची पाठशाळा मात्र मिसूरीकडेच राहिली.

पुढील इतिहास थोडक्यात असा. काही वर्षे दोन्ही विभाग सेंट लुईस येथे एकत्र नांदले. १८७५ मध्ये व्यावहारिक पाठशाळा इलिनॉयमधील स्प्रिंगफील्ड येथे आणि १९७६ मध्ये पुन्हा फोर्ट वेन येथे गेली. जर्मनची अट काळाने पुसून टाकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, सिनडच्या नावातील ‘जर्मन’ हा शब्दही गेला. शिवाय पाठशाळेचा अभ्यासक्रमही हळूहळू वाढत गेला. ज्या संस्थेची ओळखच ग्रीक-हिब्रूची माफी ही होती, तिच्या मुख्य पदवीसाठी पुढे या दोन्ही भाषा आवश्यक ठरल्या. आखूड वाट पक्की होता होता हमरस्त्याइतकीच लांब झाली.

साहजिकच नवी आखूड वाट शोधणे भाग पडले. १९८९ च्या विचिटा येथील अधिवेशनाने, जेथे पाळक मिळत नाही तेथे परवानाधारक अदीक्षित सेवकांनी उपदेश करावा व संस्कारही द्यावेत, अशी मुभा दिली. चौदाव्या कलमाशी याचा मेळ कसा घालावयाचा, यावर पंचवीस वर्षांहून अधिक काळ खल चालला. गरजेचा पक्ष दुर्बळ नव्हता : दूरच्या लहान मंडळ्यांना पूर्णवेळ पाळकाचे वेतन परवडत नाही, आणि कुटुंबवत्सल मध्यमवयीन माणूस घरदार सोडून चार वर्षे पाठशाळेत राहू शकत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, दीक्षा नाकारून दीक्षिताचे काम सांगणे म्हणजे कलमातील ‘वोकातुस’ आणि ‘रीते’ ही दोन्ही पदे सोडणे होय. निव्वळ शब्दार्थाच्या दृष्टीने पाहता हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. २०१६ च्या अधिवेशनाने ती व्यवस्था आवरती घेतली आणि अशा सेवकांनी रीतसर दीक्षेकडे यावे असे ठरविले.

तोपर्यंत दुसरी योजना अमलात आली होती. २००७ मध्ये ह्यूस्टन येथे ‘विशिष्ट सेवा पाळक’ हा वर्ग निर्माण करण्यात आला. उमेदवार स्वतःच्या मंडळीत राहून, मुख्यतः दूरशिक्षणाने, सुमारे चार वर्षे शिकतो. दोन वर्षांनंतर त्याला दीक्षा मिळते आणि उरलेला अभ्यास दीक्षेनंतर होतो. ग्रीक व हिब्रूची सक्ती नाही. ल्यूथरच्या १५२४ च्या पत्रातील साधा उपदेशक येथे प्रथमच नियमांच्या पुस्तकात निराळ्या नावाने नोंदला गेला. त्याचा बाप्तिस्मा पूर्ण मानला जातो आणि प्रभुभोजनही पूर्ण मानले जाते. मात्र त्याने सर्वसाधारण पाळकाच्या देखरेखीखाली राहावयाचे असते, ज्या सेवेसाठी नेमला गेला तीपुरतेच त्याचे क्षेत्र असते, आणि सिनडच्या अधिवेशनात मताधिकार असलेला प्रतिनिधी म्हणून त्याला जाता येत नाही.