कौलं उतरली, स्लॅब चढला

बेळगाव-निपाणीच्या गल्ल्यांत जुन्या घराची डागडुजी निघाली, की ‘आपल्याच घराला परवानगी कसली?’ हा प्रश्न हटकून येतो. त्यामागोमाग, हे सगळं कर्नाटकात गेल्यावरचं लचांड, असंही ऐकवलं जातं. ते खरं नाही. हा मुलूख मुंबई इलाख्यात असतानाच, 1901च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानं नवं बांधण्याआधी किंवा जुन्यात वाढ करण्याआधी नगरपालिकेला कळवणं भाग केलं होतं. 1956 साली सीमा हलली, 1964 साली म्हैसूर राज्याचा नगरपालिका कायदा आला. ही अट राहिलीच.

आजोबांच्या घराला कुठला इंजिनिअर होता, हा आक्षेप जास्त वजनदार. इंजिनिअर नव्हता, पण नियम होता. तो गवंड्याच्या हातात होता. दोन फुटी दगडमातीची भिंत, खणाच्या मापानं टाकलेल्या तुळया, पावसाचा मारा चुकवणारी लांब वळचण. दहा बाय दहाच्या खोलीवर कौलं-वासे मिळून अर्ध्या टनाच्या आसपास भार. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब ओतला, की तो तीन टनांवर जातो. भिंत तीच, आणि वळचण गेल्यानं आता पाणीही तिच्यातच मुरतं. गवंड्याचं गणित कौलांचं होतं. स्लॅबचं गणित लेखी मानकांत आहे, म्हणून त्यांची गरज नव्या घरापेक्षा दुरुस्तीत जास्त.

किल्लारीत 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपात माणसं दबली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदांखाली. ते लातूरकडे, असं म्हणून सुटका नाही. दख्खनचा खडक निर्धास्त नाही हे 1967 साली कोयनेच्या भूकंपानं दाखवलं, आणि 2002च्या भूकंप-मानकात बेळगाव तिसऱ्या पट्ट्यात आहे. भूकंप तरी कशाला? ऑक्टोबर 2021मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल-अंकलगीत पावसानं घर कोसळून सात जण गेले.

परवानगीचे कागद मराठीत मिळावेत ही मागणी जुनी आणि रास्त. ती जरूर भांडून घ्यावी. पण स्लॅब त्या मागणीच्या निकालाची वाट पाहत नाही, हेही तितकंच खरं. राहिला ‘आपलं घर’ हा मुद्दा. गल्लीतली भिंत बहुधा सामाईक असते, आणि आपल्या स्लॅबचा भार ज्या दगडांवर उतरतो, त्यांच्यातच पलीकडून शेजाऱ्याच्या तुळईचं टोक रुतलेलं असतं.